शून्याला पूज्य का म्हणावं



माउली, आज निरूपणाला घेतलेला शब्द अगदी लहान आहे. बिगरीतल्या पोरालाही येतो. पाटीवर एक गोल काढायचा आणि म्हणायचं, शून्य. झालं. एवढ्याशा गोलावर तासभर बोलायचं म्हणजे महाराजांना आज दुसरं काही सुचलेलं दिसत नाही, असं मंडळींना वाटेल. वाटू द्या. पण हे छापील वाचताना तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा. आपल्या मराठीत रिकाम्या वस्तूला शब्द किती?

मोजा बरं. रिकामं, रितं, मोकळं, पोकळ, ओस, सुनं, कोरं. बसल्या बसल्या सात निघाले. आता हे सातही एकाच अर्थाचे आहेत का? नाहीत. भांडं रिकामं होतं. घागर रिती होते. मन मोकळं होतं. वेळू पोकळ असतो. गाव ओस पडतं. घर सुनं होतं. कागद कोरा असतो. आता अदलाबदल करून पाहा. "त्याचं मन रिकामं झालं" म्हटलं तर ऐकणारा घाबरेल, आणि "त्याचं मन मोकळं झालं" म्हटलं तर म्हणेल, बरं झालं बाबा! आत काही नाही हे दोन्हीकडे सारखंच. मग फरक कुठे पडला? काय गेलं, आणि कसं गेलं, यात फरक पडला.

मोकळा हा शब्द संस्कृतातल्या 'मुक्त' शब्दावरून आलेला. म्हणजे आपल्या आयाबाया घरात रोज मुक्तीची भाषा बोलतात. "जरा हात मोकळे झाले की येते हं देवळात!" अहो, याहून सोपं मुक्तीचं लक्षण कुठल्या ग्रंथात सापडायचं? हात मोकळे झाले, पाय देवाकडे वळले. आणि 'सुनं' हा शब्द कुठला? तो 'शून्य' शब्दाचाच घरगुती अवतार. शून्य झिजत झिजत सुनं झालं. पोर नोकरीला शहरात गेलं, सून-नातवंडं गेली, की अंगणात उभी राहून म्हातारी म्हणते, "घर सुनं सुनं वाटतंय." तिने गणित शिकलेलं नसतं, पण शून्याचा अनुभव तिला आहे.

विठ्ठल विठ्ठल!

आता मूळ शब्दाकडे या. शून्य म्हणजे काही नाही, असं आपण धरून चालतो. पण आळंदीला शिकत असताना आमच्या गुरुजींनी व्युत्पत्ती सांगितली तेव्हा आम्ही पोरं चकित झालो होतो. शून्य शब्द आला 'शून' या शब्दावरून, आणि शून म्हणजे फुगलेला, सुजलेला! म्हणजे काय? पुरी तेलात सोडली की टम्म फुगते. बाहेरून केवढी दिसते! बोट लावलं की आत वाफ. जे बाहेरून फुगतं ते आतून पोकळ होतं, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. आता ही पुरी म्हणजे कोण, हे मी सांगायला पाहिजे का? "मी अमक्याचा, माझं एवढं रान, माझी एवढी गाडी." फुगला. जेवढा फुगला तेवढा पोकळ झाला. हे झालं अहंकाराचं शून्य. ते फुटण्यातच कल्याण आहे.

पण थांबा. सगळीच पोकळी वाईट नसते. हे बघा, गळ्यात वीणा आहे. वीणेच्या खाली हा भोपळा. आता पोराला परीक्षेत भोपळा मिळाला म्हणजे काय झालं? शून्य मिळालं! बाप चिडतो. पण वीणेच्या भोपळ्यात गर भरून ठेवा आणि तार छेडा. निघेल नाद? भोपळा आतून कोरून साफ केला, वाळवला, तेव्हा तार बोलायला लागली. पखवाज पोकळ, बासरी पोकळ, म्हणून तर भजन चालतं. तेव्हा माउली, फुगून झालेली पोकळी एक, आणि कोरून झालेली पोकळी दुसरी. पहिली हवेने होते, दुसरी साधनेने होते. परमार्थ म्हणजे हे दुसरं काम. रोज थोडा थोडा गर काढायचा.

आता जरा हिशेबाकडे जाऊ. आपले आजे-पणजे पाटीवर म्हणायचे, एकं, दहं, शतं, सहस्र. काय शिकवत होते ते? अंकाची किंमत नुसत्या अंकात नसते, तो कुठे बसलाय त्या जागेत असते. दोनशे पाच लिहा. दोन, मग शून्य, मग पाच. मधल्या दहंच्या जागेवर कोणी नाही. म्हणून कोणी शहाण्याने म्हटलं की तिथे कोणी नाहीच, तर ते शून्य कशाला ठेवायचं, पुसून टाका. पुसलं. उरले किती? पंचवीस! दोनशेचे वीस झाले. जो दोन मघाशी शतंच्या पाटावर बसला होता, तो दहंवर घसरला. म्हणजे त्या शून्याने काय केलं होतं? स्वतः काही दिलं नाही, पण जागा धरून ठेवली होती. त्याने जागा धरली म्हणून मागचा मोठा राहिला.

आणि 'अंक' शब्दाचा दुसरा अर्थ माहीत आहे ना? अंक म्हणजे मांडी. बाळ आईच्या अंकावर बसतं. शून्यही तसंच. एकटं असलं तर त्याला कोणी विचारत नाही, अंकाच्या मांडीला लागून बसलं की दहा होतं, शंभर होतं.

हा नुसता पंडितांचा खेळ समजू नका. हे शून्य देवाच्या दारात वाढलंय. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर एकाच खडकात कोरलेलं विष्णूचं छोटं देऊळ आहे. चतुर्भुज मंदिर म्हणतात. त्यात एक शिलालेख आहे, विक्रम संवत 933 चा, म्हणजे इ. स. 876 चा. काय लिहिलंय त्यात? देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, 270 हात लांब आणि 187 हात रुंद. आणि देवाला रोज 50 माळा द्यायच्या. त्या 270 मधलं आणि 50 मधलं शून्य दगडात कोरलेलं आजही दिसतं. आपल्या देशात दगडावर सापडलेल्या, काळ पक्का ठाऊक असलेल्या जुन्या शून्यांपैकी हे एक. आणि ते कशात सापडलं? फुलांच्या हिशेबात! ते शून्य नसतं तर देवाला रोज 5 माळा मिळाल्या असत्या. माळ्याने शून्य राखलं म्हणून देवाच्या गळ्यात पन्नास माळा पडल्या.

(नामगजर)

आता दुसरे दोन शब्द घ्या. धन आणि ऋण. राजस्थानात भीनमाळ आहे, तिथले ब्रह्मगुप्त. त्यांनी इ. स. 628 मध्ये ब्रह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्यात त्यांनी शून्याच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम घालून दिले. एक नियम असा, की जेवढं धन तेवढंच ऋण, दोन्ही मिळवलं की शून्य. शब्द बघा कुठून घेतलेत! धन म्हणजे जवळचा पैसा, ऋण म्हणजे डोक्यावरचं कर्ज. तुमच्याकडे शंभर रुपये आहेत आणि शंभर देणं आहे. दिले. हातात काय राहिलं? शून्य. आता हे शून्य दुःखाचं का सुखाचं?

शेतकऱ्याला विचारा. त्याच्या उताऱ्यावर, इतर हक्कात बोजा चढलेला असतो. वर्षानुवर्षं तो बोजा उतरत नाही. तो देवाजवळ काय मागतो? "पांडुरंगा, सातबारा कोरा होऊ दे." अहो, जगात सगळे म्हणतात भर, भर, भर. आणि हा एक माणूस म्हणतो, कोरं कर! त्याला कोरं हा शब्द अमृतासारखा लागतो. ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्यालाच शून्याची गोडी कळते. आणि देणं एका बँकेचंच असतं का? आईबापाचं ऋण, गुरूचं ऋण, ज्या मातीने पोसलं तिचं ऋण. आपण सगळे उण्यात जन्मलेले. तेव्हा माणूस आयुष्यभर कष्टला, ज्याचं त्याला दिलं आणि शेवटी हात झटकून उभा राहिला, तर त्याला "काहीच कमावलं नाही" म्हणू नका. तो उण्यातून चढत चढत शून्यापर्यंत आला. केवढी चढण चढला तो!

आता मी एका टाळकऱ्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. आमच्याच दिंडीतला. दोघं भाऊ. तीस वर्षं एका ओळीत, थोरल्याच्या डाव्या हाताला धाकटा. टाळ दोघांचे असे पडायचे, की डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस वाजवतोय असं वाटावं. एका वर्षी, आषाढीला महिना राहिला असताना धाकटा गेला. थोरला वारीला आला, पण तोंडातून शब्द नाही. पहिल्याच मुक्कामाला चोपदार म्हणाला, "बाबा, ओळ तुटते, एक माणूस पुढं सरकवू का?" म्हातारा काही बोलला नाही. रात्री माझ्याकडे आला आणि म्हणाला, "महाराज, माझ्या डाव्या हाताला शून्य चालतंय. ते भरू नका म्हणावं त्यांना. आणि न भरलं तर बघवत पण नाही. काय करू?"

मी काय सांगणार? आत्मा अमर आहे, हे मी त्याला सांगितलं असतं, पण त्याने तीस वर्षं माझ्याच तोंडून ते ऐकलं होतं. शब्दाचा अर्थ सांगून दुःख जात नाही, माउली. कीर्तनकाराने ही मर्यादा ओळखावी. मी त्याला एवढंच विचारलं, "बाबा, शाळेत किती शिकलात?" म्हणाले, "दुसरी." म्हटलं, "मग दोनशे पाच लिहिता येईल." मातीत बोटाने लिहायला लावलं. मग मधलं शून्य पुसायला लावलं. म्हटलं, "वाचा." त्यांनी वाचलं, "पंचवीस." मी म्हटलं, "तुमच्या मागं तीस वर्षांची वारी उभी आहे. ही मधली जागा आज पुसली, तर ती तीस वर्षं खाली घसरतील. ती जागा रिकामी नाही. ती राखलेली आहे."

म्हातारा कितीतरी वेळ त्या मातीकडे बघत बसला. मग बोटाने ते शून्य पुन्हा काढलं आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी चोपदाराला मी सांगितलं. त्या वर्षी पंढरपूरपर्यंत त्या ओळीत एका माणसाची जागा चालत होती. पाऊस आला, चिखल झाला, रस्ता अरुंद झाला, पण कोणी ती जागा घेतली नाही. पुढच्या वर्षी पालखी निघाली तेव्हा म्हातारा स्वतः मागे गेला. नवीनच माळ घातलेलं एक पोरगं होतं, त्याला ताल धरता येत नव्हता. त्याचा हात धरून त्याने त्याला आपल्या डाव्या बाजूला उभं केलं आणि म्हणाला, "इथं चाल. चुकलास तर माझ्या हाताकडं बघ." पोराचे टाळ चुकत होते. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते. दोन्ही चालू होतं. दुःख संपलं असं मी म्हणणार नाही. पण जागा राखल्यामुळे पुढचा माणूस कुठे उभा करायचा, ते त्याला कळलं.

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात अशी एखादी जागा असेल. जेवताना एक पाट मांडला जात नाही, ओसरीवर एक खाट रिकामी आहे. लोक घाईने सांगतात, विसरा आता, मन रमवा. तुम्ही पुसायची घाई करू नका. ती जागा धरून ठेवा. वेळ आली की देवच कोणालातरी पाठवतो, आणि तुमचं मनच म्हणतं, ये, इथं बस.

आता एक शंका. एक शिकलेला तरुण मला म्हणाला, "महाराज, शेवटी सगळं शून्यच आहे. देव नाही, आत्मा नाही, काहीच नाही." मी म्हटलं, "बाळा, सगळे दिवे गेले, अंधार पडला. अंधार पडला हे कोणी पाहिलं?" म्हणाला, "मी." म्हटलं, "मग तू तरी उरलास की! काहीच नाही असं सांगणारा कोणीतरी आहे, त्याला तू मोजायचा राहिलास." ज्ञानोबारायांनी अमृतानुभवात हाच विचार फार खोल नेला आहे. सगळं नाही म्हणून पुसत गेलं, तरी त्या नाहीपणाला जाणणारा पुसला जात नाही. पाटी कोरी झाली म्हणजे पाटी गेली का? अक्षरं गेली, पाटी राहिली. आमचा विठोबा तिथे आहे.

आता शेवटचे तीन शब्द, आणि मग थांबतो.

पहिला शब्द आपल्या मराठीचा. आपल्याकडे शून्याला 'पूज्य' म्हणतात. जुनी माणसं अजून बोलतात, "त्याचं त्या विषयातलं ज्ञान पूज्य आहे." म्हणजे काहीच नाही! नवीन पोरांना वाटतं स्तुती चालली आहे. थट्टा बाजूला ठेवू. मोजायला गेलं तर शून्य आणि मानायला गेलं तर पूज्य, दोन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला. मी त्याचा भाव असा घेतो, की ज्याने आपल्याकडे काही ठेवलं नाही तो पूज्य. गावात कोणाच्या पायावर डोकं ठेवता तुम्ही? ज्याची तिजोरी भरली आहे त्याला नमस्कार लांबून करता. डोकं ठेवता ते ज्याने सगळं वाटून टाकलं त्याच्या पायावर.

दुसरा शब्द भास्कराचार्यांचा. लीलावती लिहिणारे ते. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, म्हणजे आपल्याच मातीशी नातं. जुने ज्योतिषी आकडे शब्दांनी लिहीत. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. ख, गगन, अंबर हे आकाशाचे शब्द म्हणजे शून्य. आणि वाचायचं उलटं, एकंपासून. भास्कराचार्यांनी आपल्या जन्माचा शक असाच सांगितला आहे. त्यात चार शब्द आहेत, रस, गुण, पूर्ण आणि मही. रस सहा, गुण तीन, मही म्हणजे पृथ्वी एक. उलटे मांडा, शके 1036 होतात, म्हणजे इ. स. 1114. मग शून्याच्या जागी कोणता शब्द आला? 'पूर्ण'! अहो, शून्याला पूर्ण म्हटलं! ज्या खुणेला आपण काही नाही म्हणतो, तिलाच त्या गणित्याने भरलेलं म्हटलं. आणि बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला ते 'खहर' म्हणतात. तिच्यात मिळवा, तिच्यातून काढा, ती बदलत नाही. दाखला कोणाचा दिला? अच्युताचा! प्रलयात किती जीव आत गेले आणि सृष्टीत किती बाहेर आले, तरी अनंत अच्युतात फरक पडत नाही. हिशेब करता करता तो माणूस भगवंतापाशी जाऊन पोचला.

तिसरा शब्द 'विष्णुपद'. संस्कृत कोशात आकाशाचं एक नाव विष्णुपद आहे, आणि आकाश म्हणून तो शून्याचाही शब्द झाला. विष्णुपद म्हणजे विष्णूचं पाऊल. आणि पंढरीला चंद्रभागेच्या पात्रात, गोपाळपूरच्या वाटेवर, आपलं विष्णुपद आहे ना? मार्गशीर्षात तुम्ही जाता तिथे. दगडावरच्या त्या पावलाच्या खुणेला हात लावून बघा. पाऊल म्हणजे काय? दगडात पडलेली खोलगट जागा. उभा राहणारा दिसत नाही, उमटलेली जागा दिसते. आपण त्या रिकाम्या जागेत फूल वाहतो, कपाळ टेकतो. शून्याची पूजा आपण पिढ्यान् पिढ्या करतोच आहोत, फक्त नाव माहीत नव्हतं.

म्हणून माउली, एवढंच करा. फुगून आलेलं शून्य असेल तर फुटू द्या. देणं फेडून आलेलं असेल तर त्याचा आनंद माना. कोणी गेल्यामुळे पडलेलं असेल तर ती जागा राखा. आणि एकादशीला आठवण ठेवा. दशमी म्हणजे 10, एक आणि त्याच्या शेजारी शून्य. रात्र सरली, एकादशी उजाडली, 11. मोकळ्या जागी कोण येऊन उभा राहिला? दुसरा एक! देव आणि भक्त शेजारी शेजारी उभे राहिले. दशमीला जागा मोकळी होती म्हणून एकादशीला तो आला. ज्याचं घर अडगळीने भरलेलं आहे, त्याच्याकडे तो कुठे उभा राहणार? एक विटेएवढी जागा मोकळी करा. त्याला तेवढीच लागते.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!